घरगुती कूलिंग म्हणजे म्हणे 'कॅमेऱ्याचा खून'!

खटपट्या: काल इथे वाचलं, 'आकाशाचे फोटो काढायच्या कॅमेऱ्याला घरी कूलिंग लावणं म्हणजे कॅमेऱ्याचा खून. तयार कूल्ड कॅमेरा घ्या, नाहीतर गप्प बसा.' रात्रभर डोक्यात किडा वळवळत होता. १२७०६ पेल्टियर (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती), तांब्याची पट्टी, प्रोसेसरचा जुना हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, एवढ्यावर माझा सेन्सर हवेपेक्षा १८ अंश खाली जातो. डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरच्या उष्णतेने फोटोत उमटणारा खोटा सिग्नल, दर ६-७ अंशांना निम्मा होतो. करा हिशेब.

अमावस्या: 'खून' मीच लिहिलं होतं, पुन्हा लिहीन. दमट रात्री १८ अंश खाली म्हणजे दवबिंदूच्याही खाली. माझ्या फोटोंत मधोमध धुकं दिसायला लागलं, मी आपला लेन्स पुसत बसलो. उघडून बघतो तर सेन्सरच्या काचेवर थेंब आणि पिनांवर हिरवा थर. कॅमेरा गेला तो गेलाच.

खटपट्या: सिलिका जेल?

अमावस्या: होतं की! झाकणाला फट असेल तर जेल काय करणार, हवेतलं पाणी पीत बसणार.

काटेकोर: 'पेल्टियर' नव्हे हो, 'पेल्टिए'. फ्रेंच होता तो. १८३४ साली शोध लावला, अजून आपल्याला नाव घेता येत नाही.

खटपट्या: बरं, पेल्टिए. झाला का सेन्सर थंड?

गच्चीवाला: मुळात भांडता कशाला? शहरात आकाशाच्या उजेडाचा नॉइजच एवढा की डार्क करंट त्यात बुडून जातो. माझ्या गच्चीसमोर दिवा आहे, त्याचं कूलिंग कोण करणार?

अमावस्या: नॅरोबँड फिल्टर लावा, ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडणारा. आकाश काळं पडतं, एक्स्पोजर ५ मिनिटांवर जातं आणि मग डार्क करंटच डोकं वर काढतो.

गच्चीवाला: तेजोमेघांना ठीक. दीर्घिका सगळ्याच रंगांत उजळते, तिला हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या एकाच लाल रंगाच्या, फटीतून काय बघू? फिल्टरवाल्यांना वाटतं आकाशात फक्त तेजोमेघच आहेत.

अमावस्या: मग गावाबाहेर जा!

गच्चीवाला: वा! वर्षभर हाच सल्ला ऐकतोय. गुडघे तुम्ही देता का? दुर्बिणीचं माउंट (स्टँडवरचा फिरणारा भाग) उचलून बघा एकदा.

जुना_खेळाडू: दिवा विझवा आता. खटपट्या, करंट किती देता? मी हौसेने पूर्ण १२ व्होल्ट दिले, तर ८ व्होल्टला व्हायचा त्यापेक्षा कमी थंड! शोषलेली उष्णता अधिक खाल्लेली वीज, दोन्ही हीटसिंकने बाहेर टाकायची. त्याला झेपेना, उष्णता उलटी आत. शिवाय थर्मोस्टॅटचा रिले (वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टकटक चालू-बंद, तापमान वर-खाली, डार्क फ्रेम्स (झाकण लावून काढलेले, डार्क करंट वजा करायचे फोटो) जुळतच नाहीत. किती थंड यापेक्षा किती स्थिर ते सांगा.

खटपट्या: ...माझाही रिलेच आहे.

अमावस्या: अहाहा!

खटपट्या: हसू नका. पीआयडी लावतो, चालू-बंद न करता वीज हळूहळू कमी-जास्त करणारा कंट्रोलर. आर्द्रतेचा सेन्सरही आत बसवतोय, तुम्ही म्हणता म्हणून नव्हे, आधीच आणून ठेवला होता.

अमावस्या: मग 'खून' मागे घेतो. सदोष मनुष्यवध म्हणू.

गच्चीवाला: आणि दिव्याचं?