ड्रेपरीच्या धंद्याचा डेटाबेस: मंडळ आणि वस्तू यांचं नातं कुठे लिहू?

फोंडेकर
आमचा फोंड्यात ड्रेपरीचा धंदा. जत्रेतल्या नाटकांना जिरेटोप, शालू, तलवारी, दाढीमिशा भाड्याने देतो. बाबांची वही आता कॉम्प्युटरवर आणतोय. टेबलं केलीत: मंडळ, नाटक, वस्तू. वस्तूच्या टेबलात मंडळाचा आयडी ठेवला तर जिरेटोप आज कोणाकडे आहे तेवढंच कळतं. मागच्या माघात तो कोणी चेपून आणला ते पुसलं जातं. मग मंडळाच्या टेबलात वस्तू१, वस्तू२ असे रकाने घालू? ऐतिहासिक नाटकवाले तर ट्रंका भरून नेतात.

बार्देशी
रकाने अजिबात नको. मंडळ अनेक वस्तू नेतं, वस्तू अनेक मंडळांकडे जाते, म्हणजे मेनी-टू-मेनी. मधे एक टेबल, त्यात दोघांचे आयडी. झालं.

जुना_डीबीए
कसलं झालं! त्या दोन आयडींचीच प्रायमरी की (ओळीची ओळख, जी पुन्हा येऊ शकत नाही) केलीत तर तेच मंडळ पुढच्या वर्षी तोच शालू न्यायला आल्यावर एंट्रीच होणार नाही. वहीतली पावती आठवा. 'भाडे' ही स्वतंत्र एंटिटी, म्हणजे वेगळं टेबल, करा: मंडळ, नाटक, अनामत. तिच्याखाली 'भाडे_ओळ': वस्तू, नग, कधीपासून कधीपर्यंत, ठरलेला दर. दर ओळीतच लिहून ठेवा, नाहीतर उद्या भाव वाढवलात की जुन्या पावत्याही फुगतील. नाटक भाड्याला जोडा, कारण मंडळ दरवर्षी नवं नाटक बसवतं. आणि तिथे नल, म्हणजे रिकामा रकाना, चालू द्या, शाळेच्या फॅन्सी ड्रेसला कुठलं आलंय नाटक? मावळ्यांच्या पगड्यांना एकेक नंबर देत बसू नका, नग पुरे. जिरेटोप नि जरीचे शालू मात्र एकेक ओळखता यायला हवेत.

बार्देशी
हे पटलं. पण माघात कवळ्याची जत्रा आटोपते न आटोपते तोच मंगेशीची. एकच जिरेटोप दोघांना कबूल व्हायचा. साध्या युनिक कीला (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारा नियम) तारखा एकमेकींवर चढलेल्या कळत नाहीत. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर नंबरवाल्या वस्तूंसाठी डेटरेंजवर (कधीपासून-कधीपर्यंतच्या रकान्यावर) एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे एकाच वस्तूच्या तारखा एकमेकींवर चढल्या की एंट्रीच होणार नाही.

फोंडेकर
देव बरें करूं! आणखी एक: एक मंडळ फुटून दोन झालीत, अनामत दोघंही मागतात. जुनं डिलीट करू?

जुना_डीबीए
नको. साधी फॉरेन की (पावतीतला मंडळाचा आयडी मंडळाच्या टेबलाशी बांधणारा दुवा) डिलीट करूच देणार नाही, आणि कॅस्केड, म्हणजे मूळ ओळीबरोबर जोडलेल्याही पुसायची सोय, लावलंत तर पावत्याही जातील. डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर फॉरेन कीची तपासणी मुळात बंदच असते, ती चालू करा. जुन्यावर 'बंद' अशी खूण ठेवा, नवी दोन वेगळी घाला. आणि पैसे कोणी भरले, सही कोणाची, हा रकाना 'भाडे'त आजच वाढवा.