मित्रोविचची कारकीर्द ‘वाया गेली’ म्हणणाऱ्यांसाठी

सेंटरफॉरवर्ड

काल दुसऱ्या एका धाग्यावर ‘आकडेमोड’ यांनी लिहिले की सर्बियाचा आघाडीपटू अलेक्झांडर मित्रोविच हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत गोलांची रास घालणारा, प्रीमियर लीगमध्ये आला की आटणारा आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पैशांसाठी सौदी अरेबियात निघून गेलेला खेळाडू असून त्याची कारकीर्द वाया गेली. हे वाचून मला मनापासून राग आला. चार ओळींत उत्तर देणे शक्य नसल्याने हा वेगळा धागा काढत आहे.

ज्यांची फुटबॉलची ओळख शनिवार-रविवारच्या इंग्लिश सामन्यांपुरती आहे, त्यांना मित्रोविच अर्धाच दिसतो. स्मेडेरेवोसारख्या डॅन्यूबकाठच्या पोलादी कारखान्याच्या गावात जन्मलेला मुलगा बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून विजेतेपद मिळवतो, 2013 मध्ये सर्बियाला एकोणीस वर्षांखालील युरो जिंकून देताना स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरतो, बेल्जियमच्या अँडरलेख्त क्लबला लीग जिंकण्यास हातभार लावतो, पुढच्याच हंगामात 20 गोलांसह बेल्जियममध्ये सर्वाधिक गोल करतो, आणि हे सारे वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी करतो. पुढे तो देशासाठी पन्नासहून अधिक गोल करून स्त्येपान बोबेकचा 38 गोलांचा, युगोस्लाव्हियाच्या काळापासून अबाधित असलेला विक्रम मागे टाकतो. यातले वाया काय गेले, हे मला कोणी समजावून सांगावे.

14 नोव्हेंबर 2021 ची लिस्बनमधील रात्र आठवा. विश्वचषकात थेट प्रवेशासाठी सर्बियाला पोर्तुगालविरुद्ध त्यांच्याच घरी विजय हवा होता आणि पोर्तुगालला बरोबरी पुरेशी होती. दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ल्यानंतर सर्बियाचा कर्णधार तादिचने बरोबरी साधून दिली. मित्रोविच मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरला आणि नव्वदाव्या मिनिटाला तादिचचाच क्रॉस त्याने दूरच्या खांबापाशी डोक्याने जाळ्यात धाडला. साधारण एक वर्षापूर्वी, 12 नोव्हेंबर 2020 ला, बेलग्रेडच्या रिकाम्या मैदानावर स्कॉटलंडविरुद्धची त्याची पाचवी, निर्णायक पेनल्टी गोलरक्षक डेव्हिड मार्शलने अडवली होती, आणि स्वतंत्र देश म्हणून सर्बियाचा पहिलाच युरो हुकला होता. तो घाव सोसून पुन्हा त्याच जागी उभे राहणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना थोडा आदर बाळगावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आकडेमोड

आपल्या भावनांचा आदर ठेवूनही मी एक शब्दही मागे घेत नाही. न्यूकॅसलच्या पहिल्या हंगामात लीगमध्ये 9 गोल आणि संघ खालच्या श्रेणीत. फुलहॅमसाठी 2018-19 मध्ये 11 गोल आणि संघ पुन्हा खालच्या श्रेणीत. 2020-21 मध्ये 27 सामन्यांत 3 गोल आणि तिसऱ्यांदा तेच. मधल्या वर्षांत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, 26 आणि नंतर 44 सामन्यांत 43 गोल. हा आलेख आपण कसाही धरला तरी एकच गोष्ट सांगतो.

राष्ट्रीय संघाच्या विक्रमाचेही तसेच आहे. बोबेक 63 सामन्यांत 38 गोलांवर थांबला. मित्रोविचने शंभराच्या आसपास सामने खेळले, आणि आजच्या पात्रता फेऱ्यांत लिथुआनियासारखे संघ भरपूर मिळतात. 2018 च्या नेशन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या दर्जानुसार गट पाडलेल्या स्पर्धेत, सर्बिया तिसऱ्या गटात होता, हे सोयीस्करपणे विसरू नये. माझा आग्रह एवढाच आहे की मोठ्या मंचावर काय केले ते मोजावे. दोन विश्वचषकांत मिळून तीन गोल, आणि दोन्ही वेळा संघ साखळीतच बाद.

हॅमरस्मिथकर

मी गेली अनेक वर्षे लंडनमध्ये राहतो आणि फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेज मैदानाच्या हॅमरस्मिथ बाजूच्या स्टँडमध्ये बसतो, त्यामुळे माझ्या लिखाणात पक्षपात असणार हे आधीच मान्य करतो.

‘आकडेमोड’ यांचे आकडे खरे आहेत, पण 3 गोलांच्या त्या हंगामात फुलहॅमचे प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांनी त्याला बहुतांश काळ बाकावर बसवले होते. न्यूकॅसलमध्ये प्रशिक्षक बेनितेझ यांनीही तेच केले. या खेळाडूला क्रॉस मिळाले, त्याच्याभोवती संघ रचला, की तो गोल करतो, आणि चेंडू पायात घेऊन पळायला सांगितले की तो हरवतो. यात कमीपणा त्याचा किती आणि प्रशिक्षकाचा किती? प्रशिक्षक म्हणून मार्को सिल्व्हा आल्यावर दुसऱ्या श्रेणीतल्या 43 गोलांनंतर तो प्रीमियर लीगमध्ये आटला का? 2022-23 मध्ये 24 सामन्यांत 14 गोल केले आणि आमचा क्लब दहावा आला. पहिल्याच दिवशी लिव्हरपूलविरुद्ध बचावपटू अलेक्झांडर-अर्नोल्डच्या वर झेपावून केलेला हेडर मी प्रत्यक्ष पाहिला. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ फुलहॅमचा जुना दिग्गज जॉनी हेन्सच्या काळापासून येतात. त्या दिवशी ते हात जोडून उभे राहिले आणि बराच वेळ खाली बसले नाहीत.

इतके लिहूनही एक गोष्ट मी त्याला अजून माफ केलेली नाही. मार्च 2023, मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, इंग्लंडच्या एफए कपची उपांत्यपूर्व फेरी. त्याच्याच गोलने आम्ही आघाडीवर होतो. आमच्या क्लबने ती स्पर्धा कधीच जिंकलेली नाही आणि अंतिम फेरी एकदाच, 1975 मध्ये, पाहिली आहे. आमच्या विलियनच्या हाताला चेंडू लागला, पंच ख्रिस कॅव्हना पुनरावलोकनाच्या पडद्याकडे गेले, सिल्व्हांना लाल कार्ड, विलियनला लाल कार्ड, आणि मग मित्रोविचने पंचांचा दंड धरला. एका मिनिटाच्या आत आम्ही नऊ जणांवर आलो आणि 3-1 ने हरलो. आठ सामन्यांची बंदी आणि 75 हजार पौंडांचा दंड हा त्याचा वैयक्तिक हिशेब झाला. आमच्या एका पिढीचे वेम्ब्ली, म्हणजे उपांत्य सामन्याचे मैदान, गेले, त्याचा हिशेब कोणाकडे मागावा?

शिट्टी

येथे गोल आणि श्रेणी यांवर इतके लिहिले गेले, आणि पंचाच्या अंगाला हात लावण्याची घटना एका परिच्छेदात, तीही क्लबचे नुकसान म्हणून उरकली गेली. मला हे खटकते.

मी कोल्हापुरात दीर्घकाळ पंच म्हणून काम केले आहे. पेठांचे सामने म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि त्या फुटबॉलवर माझे आजही प्रेम आहे. एका अटीतटीच्या सामन्यात मी शेवटच्या क्षणी पेनल्टी दिली. चारही बाजूंनी खेळाडू आले, एकाने माझा हात पिरगळला, दुसऱ्याने शिट्टी हिसकावून घेतली. संघाचे नाव मी तेव्हाही कोणाला सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. घरी परतल्यावर मुलीने विचारले की तुम्ही नक्की चूक केली होती का; माझा निर्णय बरोबर होता हे माहीत असूनही मला तिच्याशी नीट बोलता आले नाही. पुढच्या रविवारी मैदानात उतरताना पाय जड झाले होते.

जगभर लाखो मुले टीव्हीवर पाहतात की मोठा खेळाडू पंचाचा दंड धरतो, चेहऱ्याजवळ जाऊन ओरडतो आणि सुट्टी संपवून परत येतो. त्याची किंमत आमच्यासारख्या, मैदानावर पोलीसही नसलेल्या पंचांना मोजावी लागते. आठ सामने फार कमी होते. आणि ही एकच घटना नव्हती. 2015 च्या ऑगस्टमध्ये आर्सेनलविरुद्ध सोळाव्या मिनिटाला लाल कार्ड, 2016 च्या मे महिन्यात टॉटनहॅमविरुद्ध गोल केल्यानंतर पुन्हा लाल कार्ड. स्वभावाला औषध नसते असे म्हणून सोडून देणाऱ्यांनीच त्याचे नुकसान केले.

सेंटरफॉरवर्ड

‘शिट्टी’, आपल्यावर जे गुदरले ते निंद्य होते आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र कोल्हापुरातील गुंडगिरीचे पाप सर्बियाच्या खेळाडूच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

पंचांचा विषय काढलाच आहे तर कॅलिनिनग्राडही काढावे लागेल. 22 जून 2018, विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध सर्बिया. पाचव्याच मिनिटाला मित्रोविचचा हेडर, सर्बिया आघाडीवर. नंतर शाकाने बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात क्रॉस आला तेव्हा पेनल्टी क्षेत्रात लिश्टस्टायनर आणि शेअर या दोघांनी मिळून मित्रोविचला मिठी मारून अक्षरशः जमिनीवर आडवे केले. पंच फेलिक्स ब्रिख यांनी पेनल्टी दिली नाहीच, उलट फाऊल मित्रोविचविरुद्ध दिला, आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय, त्याच विश्वचषकात नव्याने आलेला असूनही पडद्याकडे पाहिले नाही. नव्वदाव्या मिनिटाला शाचिरीने गोल करून सामना नेला. ज्या माणसाला दोघांनी धरून पाडले आणि शिक्षाही त्यालाच झाली, त्याने पाच वर्षांनी एका पंचाचा दंड धरला तर ते चूक आहे, पण ते आकाशातून पडलेले नाही. ‘मोठ्या मंचावर काय केले’ असे विचारणाऱ्या ‘आकडेमोड’ यांनीही या प्रसंगाचा एका ओळीत तरी उल्लेख करायला हवा होता.

शिट्टी

आपण जे लिहिले त्याला समर्थन म्हणतात, आणि ते मला चीड आणणारे आहे. ब्रिख यांचा निर्णय माझ्या मते चुकीचा होता. तो व्हिडिओ मी तरुण पंचांना शिकवताना दाखवतो. सर्बियाचे प्रशिक्षक क्रस्टायिच यांनी मात्र त्यानंतर ब्रिख यांना हेगच्या न्यायालयात पाठवावे असे उद्गार काढले. युद्धगुन्ह्यांची तुलना पेनल्टीशी करणाऱ्या वातावरणात खेळाडू काय शिकणार? चुकीचा निर्णय हा खेळाचा भाग आहे, पंचाला हात लावणे नाही. आपण दोन्ही एका तराजूत टाकत आहात आणि वर मलाच अन्यायी ठरवत आहात.

आकडेमोड

आर्सेनल आणि टॉटनहॅमविरुद्धची लाल कार्डे पंचांवरील रागातून आली नव्हती, बेफाम टॅकलमधून आली होती. म्हणजे 2018 चा अन्याय हे कारण 2015 आणि 2016 ला लागू पडत नाही. ‘सेंटरफॉरवर्ड’ यांनी यावर उत्तर द्यावे.

नेरुळ पूर्व

पंचांची चर्चा महत्त्वाची आहे, तरी मला मूळ विषयाकडे यायचे आहे, कारण सौदीला गेल्यावर तो संपला हे मला मुळीच पटत नाही आणि त्याचे कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल हिलालने रियाधला मुंबई सिटीला 6-0 ने हरवले आणि त्यात मित्रोविचची हॅटट्रिक होती. 6 नोव्हेंबरला परतीचा सामना आमच्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाला. बहुतेक लोकांनी नेमार येईल या आशेने तिकिटे काढली होती. तो दुखापतीमुळे आला नाही आणि आजूबाजूला हळहळ होती. मी धाकट्या भावासोबत गोलच्या मागे बसलो होतो. भाऊ शाळेच्या संघात बचावपटू आहे. मुंबईने तासभर बरोबरी टिकवली होती, आणि आमच्या बचावपटूंचा मला अभिमान वाटला. त्या वेळात मी चेंडू सोडून फक्त मित्रोविचकडे पाहत राहिलो. चेंडू पलीकडच्या बाजूला असतानाही तो बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेच्या बाहेर अर्धे पाऊल सरकत असे, मग खांद्याला खांदा टेकवून त्याला जागेवरून हलवत असे. शेवटी दुसरा गोल त्यानेच केला आणि अल हिलाल 2-0 ने जिंकला. भाऊ नंतर रेल्वे स्थानकापर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होता. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो, त्यामुळे हे कधी दिसलेच नव्हते.

त्या हंगामात अल हिलालने एकही सामना न गमावता लीग जिंकली आणि मित्रोविचचे 28 गोल होते. रोनाल्डोचे 35 होते हेही लिहितो, म्हणजे कोणी मला पक्षपाती म्हणू नये. त्याने पैसा घेतला, पण तो तेथे फिरायला गेला नव्हता.

आकडेमोड

‘नेरुळ पूर्व’ यांनी मुंबई सिटीविरुद्धचे चार गोल पुरावा म्हणून मांडावेत, यातच माझा मुद्दा सिद्ध होतो. आशियातील सर्वांत महागडा संघ आणि आपल्याकडचा संघ यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी खरी तक्रार तर हीच आहे की 14 गोलांच्या हंगामानंतर, पहिल्यांदाच योग्य प्रशिक्षक मिळालेला असताना त्याने ते सोडले. ‘हॅमरस्मिथकर’ यांनीच लिहिले की सिल्व्हांच्या हाताखाली तो फुलला. मग आणखी दोन-तीन वर्षे तेथे का राहिला नाही?

हॅमरस्मिथकर

हा प्रश्न मलाही छळतो, त्यामुळे नाइलाजाने येथे मी ‘आकडेमोड’ यांच्या बाजूला आहे. तो गेला तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले होते. पण ज्याला दोन क्लबांनी बाकावर बसवून ठेवले, त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी हातात आलेला करार सोडून निष्ठा पाळावी असे म्हणण्याचा अधिकार मला, दर महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला, किती आहे याची मला खात्री नाही. आम्हीही त्याच्या बदल्यात भरपूर पैसे घेतलेच.

सेंटरफॉरवर्ड

‘आकडेमोड’ यांच्या 2015 च्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दोन कार्डांचा दोष त्याचाच होता, हे मी अनिच्छेने लिहितो.

तिसऱ्या गटाबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. सप्टेंबर 2022 मध्ये स्वीडनविरुद्ध 4-1 मध्ये हॅटट्रिक कोणाची होती? त्यानंतर लगेच ओस्लोत, हालांड खेळत असलेल्या नॉर्वेविरुद्ध 2-0 मध्ये गोल कोणाचा होता? ते दोन्ही सामने दुसऱ्या गटातील होते आणि त्या जोरावर सर्बिया अव्वल गटात गेला. कतारमध्ये कॅमेरून आणि स्वित्झर्लंड या दोघांविरुद्ध त्याने गोल केला आणि बचावफळीने अनुक्रमे तीन आणि तीन गोल खाल्ले. साखळीत बाद होण्याचा ठपका आघाडीवर उभ्या माणसावर ठेवणे हे आकड्यांचे वाचन नव्हे. युगोस्लाव्हियाच्या सावो मिलोशेविचने 2000 च्या युरोमध्ये पाच गोल केले, त्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून सहा गोल खाल्ले. त्याची कारकीर्द वाया गेली असे कोणी लिहिलेले मी वाचलेले नाही.

आकडेमोड

स्वीडन आणि नॉर्वे मान्य. ‘वाया गेली’ हे शब्द मी बदलतो आणि ‘अपुरी राहिली’ असे लिहितो. यापुढे मी एक पाऊलही सरकणार नाही.

शिट्टी

लिस्बनचा गोल मीही उभा राहून पाहिला होता आणि टाळ्या वाजवल्या होत्या. आठ सामने तरीही कमी होते.