आईचं विसरणं वाढलंय, घरात काय सवयी लावाव्यात?

आई ६८ ची आहे, बीपी-शुगर दोन्ही. हल्ली विसरायलीय, म्हणजे माणसं ओळखते, जुनं सगळं आठवतं पण चष्मा कुठं ठेवला, बीपीची गोळी घेतली का नाही हे परत परत विचारते. काल चटणीसाठी शेंगदाणे भाजायला ठेवले आणि देवघरात जाऊन बसली, करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. शेजारच्या काकू म्हणतात बदाम द्या, भाऊ म्हणतो मोबाईलवर ब्रेन गेम टाकून दे. घरच्या घरी रोज जमेल असं काय आहे? मला तर स्वयंपाकच बंद करावा वाटायलंय तिचा.

जुळे सोलापूरकर
ताई, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? बरीच वर्षं ती गोळी घेतली की बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच, आणि त्यानंपण विसरायला होतं. बी१२ आणि थायरॉईड दोन्ही तपासून घ्या, यावर उपाय आहे. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. बदाम खाऊ देत की, पण बीपी-शुगर आटोक्यात नसेल तर नुसत्या बदामानं काही होत नाही.

कंबर तलाव ग्रुप
टीव्हीचा आवाज वाढवायल्यात का त्या? कान तपासा आधी. आमच्या वडिलांचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, सांगितलेलं विसरतात असं सगळ्यांना वाटायचं, पण अर्धं त्यांना ऐकूच जात नव्हतं. कानाचं मशीन लावल्यावर परत कट्ट्यावर जाऊन बसायलेत. लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, शुगर, एकटेपणा सगळं आहे. ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतात नाहीतर लांबू शकतात म्हणे.

शेंगाचटणी
स्वयंपाक बंद करू नका हो! भाजी काय करायची, मीठ किती, भाकरी कधी उलटायची, हे सगळं डोक्याचंच काम आहे आणि तेच काढून घेतलं तर माणूस नुसता बसून राहतो. गॅस चालू असताना तुम्ही जवळ थांबा, चटणी उखळात त्यांनाच कुटू द्या आणि नातीला शिकवायला सांगा. वारांचे खण असलेला गोळ्यांचा डबा आणा, खण रिकामा दिसला की गोळी घेतली, विचारायचं कामच नाही. चष्म्याची जागा एकच, देवघराशेजारी. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला न्या, सोबत कोणीतरी बोलणारं असू दे. सर्दीची झोप आणणारी औषधं दुकानातून आणून देऊ नका, म्हाताऱ्या माणसांचा त्यानं गोंधळ वाढतो.

जुळे सोलापूरकर
आणि ओळखीचा रस्ता चुकायला लागल्या, पैशाचा हिशोब जमेना, किंवा एकदम काही दिवसांत फरक पडला तर घरी बघत बसू नका, न्यूरोलॉजिस्टला (मेंदूच्या डॉक्टरला) दाखवा.

प्रश्न विचारणारी
मेटफॉर्मिन चालू आहे, बरीच वर्षं झाली. टीव्हीचा आवाजपण वाढलाय खरं. रक्ताची आणि कानाची, दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करते. त्या डब्यात सकाळ-रात्रीचे खण वेगळे मिळतात का?

शेंगाचटणी
मिळतात, मेडिकलमध्ये विचारा. अक्षर मोठं असलेला बघून घ्या.