लिस्बेथ परवानगी का मागते?

पासधारक, भुसावळ
काल रात्री डेव्हिड फिंचरचा 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' (२०११) संपवला. पुढे रहस्य फुटणार आहे, ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच मागे वळा.

स्टिग लार्सनची कादंबरी मी भुसावळ-जळगाव अप-डाऊनमध्ये वाचली होती, म्हणून राग दुप्पट. तिच्या मूळ स्वीडिश नावाचा अर्थ 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या बायकांवरच्या अत्याचारांचा एकेक आकडा येतो. शेवटचा तर असा, की लैंगिक अत्याचार सोसलेल्या ९२ टक्के बायका त्याची तक्रार घेऊन पोलिसांत गेल्याच नाहीत. सिनेमात यातलं काय उरलं? बर्फ, काळोख आणि मोटारसायकल.

त्यात खुनी मार्टिनच्या मागे धावण्याआधी नायिका, हॅकर लिस्बेथ, तिच्यासोबत शोध घेणाऱ्या पत्रकार ब्लुमक्विस्टला विचारते, 'मारू का त्याला?' अहो, कोर्टाने नेमलेल्या अत्याचारी पालकाचा हिशेब जिने एकटीने चुकता केला, ती परवानगी मागेल? पुस्तकात हे नाही. कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत नि गॅसवरचं, दिसायला सारखंच हो.

केळीबाग, रावेर
काय भो, पुस्तकातली सुरुवातीची पानं विसरले का? तो उद्योगपती वेनरस्ट्रॉम, त्याच्या कंपन्या, त्याने ब्लुमक्विस्टवर केलेला बदनामीचा खटला. मी दोनदा सोडलं होतं. सिनेमा १५८ मिनिटांचा आहे, त्यात सगळं कोंबलं असतं तर लोक झोपले असते.

आणि फोटोंचा तो प्रसंग बघा. १९६६ ची मिरवणूक. ब्लुमक्विस्ट लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे सरकवतो. गर्दीत हॅरिएट, त्याच दिवशी गायब झालेली, जिचा हा शोध. मग तिची मान वळते. मग चेहरा पडतो. सगळे मिरवणुकीकडे बघताहेत, ही एकटी रस्त्यापलीकडे. तोंडातून शब्द नाही कोणाच्या. लार्सनला हेच सांगायला पानं लागतात. संकलनाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

देवपूरची ताई, धुळे
आपल्याकडे हा सिनेमा थिएटरला लागलाच नाही, हे लक्षात आहे का कोणाच्या? फेब्रुवारी २०१२ मध्ये येणार होता. सेन्सॉर बोर्डाला काटछाट हवी होती, फिंचरने ती मान्य केली नाही, प्रदर्शन रद्द. मी काटछाटीच्या बाजूची नाही. पण त्या पालकाचा प्रसंग मी पुढे ढकलूनच पाहिला. पुस्तक मिटता येतं, वाचताना दम घेता येतो. इथे कॅमेरा हलतच नाही.

मला खरी भीती वाटली ती मात्र वेगळ्याच जागी. ब्लुमक्विस्टला मार्टिनचा संशय आलेला, तो निघायच्या बेतात, आणि मार्टिन म्हणतो, आत या, जरा घ्या थोडी. हा मुकाट आत जातो! पुढे तळघरात आयरिश गायिका एन्याचं गोड गाणं लावून मार्टिनच सांगतो, की दुखण्यापेक्षा समोरच्याला वाईट वाटेल याचीच भीती मोठी. आपल्याकडे 'अर्धा कप तरी घ्या' म्हटल्यावर कोणाच्या तोंडून नाही निघतं?

पासधारक, भुसावळ
चहाचं बरोबर शे ताई. पण शेवटाचं काय? पुस्तकात हॅरिएट ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा मोठा कारभार सांभाळते. स्वतःच्या पायावर उभी बाई! सिनेमात ती लंडनला, चुलतबहीण अनिताच्या नावाने. विमानाचं तिकीट वाचवलं, दुसरं काय.

केळीबाग, रावेर
वाचवलं तर वाचवलं. रहस्य फुटल्यावर परत दुसऱ्या खंडात कोण जाईल? उलट लिस्बेथ ब्लुमक्विस्टसाठी घेते ती शेवटची भेटवस्तू बघा. पुस्तकात एल्विसची पत्र्याची पाटी, सिनेमात चामड्याचं जाकीट. पाटी गमतीने घेतात, जाकीट माप आठवून घ्यावं लागतं. ते कचऱ्यात पडलं तेव्हा पोटात तुटलं माझ्या.

देवपूरची ताई, धुळे
आणि भाऊ, त्या 'मारू का' बद्दल. ती परवानगी मागतच नाही. तत्त्वांच्या गोष्टी करणारा पत्रकार आहे ना तो? त्याला ती साक्षीदार करून घेते. मान त्याने हलवली, आता नंतर नैतिकता शिकवायची सोय राहिली नाही.

पासधारक, भुसावळ
हं. हे अर्धं पटतंय. अर्धं नाही. भादलीला गाडी बाजूला टाकलीय, तो प्रसंग परत लावतो.

केळीबाग, रावेर
हेडफोन घाला भो. डब्यात एन्या सुरू झाली तर शेजारचे म्हणतील, किती सोज्वळ माणूस आहे.