एमआरआयमध्ये ‘फॅझेकास २’, एचबीएवनसी ६.३: पेट स्कॅन करावा का?

तालुक्याचा जीपी
पेशंट ७१ वर्षांचे, दहावीपर्यंत शिकलेले. मधुमेह १६ वर्षं, बीपी त्याहून जुनं, ॲटेनोलॉल चालू. शुगरसाठी ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम. वर्षभरात हिशेब चुकू लागलेत, चाल मंदावली आहे. मोका (स्मरण-बुद्धीची ३० गुणांची चाचणी) २०. एमआरआयचा निष्कर्ष: ‘वयानुरूप संकोच, स्मॉल व्हेसल बदल, फॅझेकास २’ (बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने पडणाऱ्या पांढऱ्या डागांची ० ते ३ मधली श्रेणी). एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.३, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.५. घरच्यांचं म्हणणं, पेट (किरणोत्सर्गी औषध टोचून काढायचा स्कॅन) करून अल्झायमर आहे की नाही याचा सोक्षमोक्ष लावा. खर्च सार्थकी लागेल?

फ्लेअर
आधी आहे तीच सीडी नीट वाचून घ्या. ‘वयानुरूप संकोच’ या शब्दांवर काहीच ठरत नाही. हिप्पोकॅम्पसच्या (स्मरणशक्तीचा भाग) लांबीला काटकोनात घेतलेले टी-वन कोरोनल (समोरून दिसणारे) काप हवेत. त्यावर तिथला संकोच किती याचा शेल्टन्स ग्रेड ० ते ४ देतात. पंचाहत्तरीच्या आत २ आला तरी दखल घ्यायची, नंतर ३.

फॅझेकास २ म्हणजे पांढरे डाग एकमेकांना मिळू लागलेत. मधुमेह-बीपीत या वयाला हे सर्रास दिसतं, विसरभोळेपणाचं सगळं खापर त्यावर फोडू नका. त्यापेक्षा लॅक्यून किती आणि कुठे ते विचारा: ३ ते १५ मिमीची पोकळी, एमआरआयच्या फ्लेअर चित्रांत आत काळी, कडेला बहुधा पांढरी किनार. मेंदूच्या मध्याजवळच्या थॅलॅमसमध्ये मोक्याच्या जागी एक जरी असला तरी लक्ष आणि विचारांचा वेग ढासळू शकतो. एसडब्ल्यूआय (रक्ताचे अंश टिपणारा एमआरआयचा प्रकार) घेतलेला नसेल तर मायक्रोब्लीड (सूक्ष्म रक्तस्राव) सुटतात. कॉन्ट्रास्ट या कामाला लागत नाही.

इन्सुलिनवाला
मला स्कॅनपेक्षा तो ६.३ खटकतोय. सल्फोनिलयुरियावर (ग्लिमेपिराइडचा औषधगट), या वयात, या किडनीसह इतका ‘छान’ आकडा म्हणजे शुगर अधूनमधून ७० च्या खाली जात असणार असंच धरून चला. किडनी मंदावली की ग्लिमेपिराइडचा असर रेंगाळतो. त्यात एकादशीला जेवण नाही आणि गोळी मात्र पूर्ण, हा प्रकार घराघरांत चालतो.

अ‍ॅकॉर्ड-माइंड या मधुमेहींवरच्या चाचणीत एचबीएवनसी ६ खाली नेण्याचा प्रयत्न केलेल्या गटात ४० महिन्यांनी मेंदूचं आकारमान थोडं जास्त टिकलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक शून्य. मुख्य चाचणीतला तो कडक उपचार तर मृत्यू वाढल्यामुळे २००८ मध्ये थांबवावा लागला. विस्मरण सुरू झालेल्या वृद्धांत एचबीएवनसी ८ च्या आत पुरे.

तालुक्याचा जीपी
पण फास्टिंग कायम ११० च्या आसपास. मग लो (शुगर फार उतरणं) कुठून?

इन्सुलिनवाला
फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची) हे दिवसातले दोनच ठिपके. रात्रीच्या जेवणाआधी आणि पहाटे ३ ला बोटातून तपासा, किंवा सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावा. ॲटेनोलॉलमुळे थरथर आणि धडधड दबते, घाम तेवढा सुटतो. वृद्धांत लो म्हणजे नुसता गोंधळ किंवा चिडचिडही असू शकते. संध्याकाळची ग्लिमेपिराइड आधी काढा, गरज पडली तर लिनाग्लिप्टिन द्या, किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू असेल तर बी-१२ (मेटफॉर्मिनने ते घटू शकतं) आणि सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) पाहाच. बी-१२ २०० च्या खाली असेल तर सरळ इंजेक्शन.

ट्रेसर
एवढं करूनही प्रश्न उरला तरच एफडीजी पेट (एफडीजी म्हणजे ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी औषध). ४ ते ६ तास उपाशी, शुगर शक्यतो १६० च्या आत. शुगर चढलेली असली तर ग्लुकोज आणि एफडीजी एकाच दारातून आत शिरायला धडपडतात. मेंदूच्या मागच्या भागांत, विशेषतः प्रिक्युनियसमध्ये, ग्रहण घटतं आणि चित्र हुबेहूब अल्झायमरसारखं दिसतं. मधुमेहींचे रिपोर्ट इथेच फसतात. ऐनवेळी इन्सुलिन टोचून शुगर उतरवली तर एफडीजी स्नायूंत जातं, त्यापेक्षा तारीख पुढे ढकला. इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडात, शांत, मोबाइलशिवाय. आणि एफडीजीत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) दिसत नाही, त्याचा पेट वेगळा. तेव्हा ‘सोक्षमोक्ष’ हा शब्द घरच्यांना आत्ताच बाजूला ठेवायला सांगा.

फ्लेअर
सेन्सर लावलात तर पुढच्या एमआरआयआधी काढायला विसरू नका. आणि मोकाच्या २० मध्ये शिक्षणाचा एक गुण धरलाय का? शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर तो मिळतो. रेटिनोपथी (मधुमेहाने होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) असेल तर मोकातल्या घड्याळ आणि घनाच्या आकृतीत गुण नजरेमुळे जातात, मेंदूमुळे नव्हे. गोळ्या बदलून तीन महिन्यांनी मराठी आवृत्तीवरच पुन्हा घ्या, त्या वेळी शुगर मोजून.