मुंबई-लंडन विमानाला नेमके किती तास? जाताना न् येताना वेगळं का दाखवतंय?

निपाणीकर:
नमस्कार मंडळी, जुलैत लेकीकडं लंडनला जायचंय, मी आणि आमची ही, दोघंही पहिल्यांदाच. तिकिटावर मुंबईतनं दुपारी १.१५ ला सुटून त्याच दिवशी संध्याकाळी ६.३० ला पोचतंय, म्हणजे सव्वापाच तास? आणि येताना रात्री ८.३० ला बसून दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला मुंबई, म्हणजे साडेतेरा! अंतर तर दोन्हीकडनं ७२०० किमीच की, हिशेब काय हाय हा? आणि मुंबईपर्यंत बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं विमान बरं का निपाणीतनं गाडी?

टिळकवाडी_कट्टा:
काका, तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. जुलैत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी घड्याळं मागं घेतली की साडेपाच. म्हणजे जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊ.

कंग्राळीवाला:
पृथ्वी फिरते ना, म्हणून येताना लवकर

टिळकवाडी_कट्टा:
नाही हो, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते. आणि तुमचं खरं धरलं तर उलटं व्हायला पाहिजे, पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणजे लंडनच आपल्याकडं सरकत येणार, मग जातानाच लवकर पोचायला नको? कारण वेगळंय, विमान उडतं त्या १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचं वारं असतंय, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, येताना ते पाठीमागनं ढकलतं आणि जाताना तोंडावर येतं. शिवाय ७२०० हे सरळ अंतर झालं, विमान तसं जात नाही. युक्रेनचं आकाश २०२२ पासून बंद, एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपल्या कंपन्यांना बंद केलं, मग अरबी समुद्रावरनं वळसा. परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर पाकिस्तानचा वळसा वाचतो. आणि छापील वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणं पण धरलेलं असतं.

खानापूरची_सून:
काका, हे नऊ-दहा तास सोपे हो, बसून राहायचं. खरी कसरत निपाणी ते मुंबईच. जुलैत सांबऱ्यावर ढग उतरले की विमान लेट नाहीतर सरळ रद्द, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असली तर पुढचं चुकल्यावर कोण विचारत नाही, बॅगापण मुंबईत उतरवून परत द्यायला लागतात. एकाच बुकिंगवर मिळत असेल तरच सांबरा, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबईत जाऊन पडा, निपाणी तर हायवेवरच हाय. आणि कुंदा नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडं चालत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात.

निपाणीकर:
मग आदल्या दिवशी गाडीनंच जातो, मुंबईत मेव्हणा हायच. पण कुंदा नाही म्हटल्यावर ही ऐकणार नाही बघा, दोन किलो सांगून ठेवलाय. चिवडा तरी चालतोय काय?