मदत हवी आहे: जपानी सहकाऱ्यांचे चेहरे लक्षातच राहत नाहीत
मंडळी, ओसाकात येऊन चार महिने झाले, तरी ऑफिसातल्या चेहऱ्यांची सरमिसळ होतेच. काल लिफ्टमध्ये चक्क साहेबांनाच विचारलं, "नवीन आलात का?" (पुण्यात एकदा भेटलेला माणूस मी विसरत नसे!)

लहानपणापासून जे चेहरे बघतो त्यांनाच मेंदू सरावतो, म्हणून परके चेहरे एकसारखे वाटतात, हे वाचलंय. २००८ सालच्या एका प्रयोगात पाश्चात्त्य लोकांची नजर डोळे आणि तोंडावर फिरली, पूर्व आशियाई लोकांची मात्र नाकाच्या आसपास स्थिरावली. म्हणून मीही नाकाकडे बघायला लागले. फरक शून्य, समोरचा अवघडतो ते वेगळंच. मास्क असला की तर विचारूच नका.

जपानात राहणाऱ्यांनो, तुम्हाला किती दिवस लागले? केस, चाल, आवाज सोडून चेहऱ्यातलं नेमकं काय हेरता?